तार तुटली की

विट्याच्या यंत्रमागाच्या गल्लीत वाढलेलं पोर
हळू बोलत नाही.
हळू बोललेलं त्याच्या घरात कुणाला ऐकूच जात नाही.
बाप चार माग बघतो, आई कांड्या भरते,
दोन मागांच्या मधे साडीची झोळी,
भूक लागली ओरडून सांगायचं,
पोट भरलं तरी ओरडूनच.

हे मला उशिरा कळलं.
आधी मी नोंदवहीत लिहून मोकळी झाले होते:
सिद्धनाथ ऐवळे. वय चार वर्षं सात महिने.
चावतो. ढकलतो. सूचना ऐकत नाही.
निळ्या पेनानं. खाली माझी सही.

माझ्या अंगणवाडीत बावीस पोरं,
एक पंखा, एक वजनकाटा,
चाकं नसलेल्या सात गाड्या.
अकराला खिचडीच्या आधी मी म्हणायची,
हाताची घडी, तोंडावर बोट.
एकवीस बोटं ओठांवर जायची
आणि बरोबर तेव्हाच
सिधू शेजारच्याला चावायचा.

रोज. बरोबर तेव्हाच.

एका बुधवारी त्याला न्यायला कुणी आलं नाही,
मीच सोडायला गेले.
उंबऱ्यात पाय ठेवला आणि लाइट गेली.
सगळी गल्ली एकदम गप्प.
कानात नुसती शिट्टी राहिली.
मजुरी मीटरवर, माग थांबला की तीही थांबते.
बापानं हातातला धोटा भिरकावला,
आई उगाच धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागली.
सिधू माझा हात सोडून सुताच्या पोत्यामागं गेला,
दोन्ही कानांवर हात.
कसलाच आवाज नव्हता.
तरी कानांवर हात.

परतताना कराड रस्ता ओलांडेपर्यंत मी मोजत होते,
गप्प बस, असं मी त्याला किती वेळा म्हटलं असेल.

दुसऱ्या दिवसापासून तोंडावर बोट बंद.
खिचडीच्या आधी आम्ही ताटल्या वाजवतो.
जोरात. मग हळू. मग एका बोटानं.
मग नखानं.
मग नुसतं हवेत.
मदतनीस हौसाबाई म्हणाल्या, "बाई, डोकं उठलं माझं."
उठू दे, म्हटलं.
नखापर्यंत यायला त्याला महिना लागला,
हवेपर्यंत दिवाळी.

चावणं सुटलं असं म्हणणार नाही.
संक्रांतीनंतर दोनदा झालं, एकदा मलाच.
पण आता तोंड उघडण्याआधी तो माझ्याकडं बघतो.
कधी कधी तेवढ्यावर भागतं.

एप्रिलात शाळेत मेळावा.
पताका, फुगे, ओळीनं मांडलेली टेबलं.
उड्या मारल्या, मणी ओवले, त्रिकोण ओळखला.
सामाजिक-भावनिक टेबलावर नवे गुरुजी होते.
"आई घरी नसली की तुला काय वाटतं, बाळ?"
सिधूनं सगळ्या शाळेला ऐकू जाईल असं सांगितलं,
"आई घरातच असती! कांड्या भरती!"
गुरुजींनी खुर्ची जरा मागं घेतली,
शेरा लिहिला. मी वाकून वाचला.
मदतीची गरज.
खोडायला सांगणार होते, नाही सांगितलं.
मला सेवेत घेतलं त्या वर्षी पर्यवेक्षिकाबाईंनी
माझ्या नावापुढं हेच लिहिलं होतं.

तेवढ्यात दारात तांबोळ्यांची अफिफा रडायला लागली.
तिची आई दाखल्याची झेरॉक्स काढायला गेलेली.
कुणी चॉकलेट दाखवलं, कुणी फुगा.
सिधू गेला आणि तिच्यासमोर उकिडवा बसला.
तिच्या फ्रॉकची तुटलेली नाडी उचलली,
दोन्ही टोकं जुळवली, थुंकी लावली,
बाप पिळतो तशी चिमटीत पिळली,
आणि त्याच्या घरात मायेनं ओरडतात तसा ओरडला,
"तार तुटलीया! थांब! आत्ता चालू हुतंय!"

अफिफा दचकली. आणखीच रडली.
तो हलला नाही.
गाठ सुटली.
त्यानं पुन्हा थुंकी लावली.